डिलीट केलेल्या पार्टीची बाकी नव्या पार्टीच्या नावावर: तीनदा परत आलेला दोष

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांना लगेच ओळखता येईल. पार्टी मास्टरमधून एक पार्टी डिलीट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीन पार्टी टाकली. तिचं लेजर उघडलं, तर त्यात आधीच एक बिल आणि बाकीही. नव्या पार्टीने अजून डझनभर टॉवेलही उचललेले नाहीत.

आमच्याकडे हे तीन वेळा झालं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, आणि तिन्ही वेळा माझ्या टेस्ट हिरव्या होत्या. (टेस्ट म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर चालतंय का हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम; पास झाला की हिरवा, नापास झाला की लाल.) या लेखाचा खरा विषय ती हिरवी टेस्टच आहे. एका टेबलातली ओळ पुसणं सोपं. तिच्याशी बांधलेल्या चार-पाच टेबलांचं काय झालं, हे टेस्टने विचारायचं असतं, आणि माझी टेस्ट ते विचारतच नव्हती.

ठिकाण सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. चादर आणि टेरी टॉवेलचा कारखाना, माल हैदराबाद, विजयपूर, पुण्याकडे जातो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, हिशोब बघणाऱ्या बाईंना अक्का. त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. काउंटरवर एकच कॉम्प्युटर, त्यातच मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस. रात्री कुलूप लावताना अण्णा मेन स्विच बंद करतात, म्हणजे डेटाबेस रोज सकाळी नव्याने चालू होतो. ही मेन स्विचची गोष्ट लक्षात ठेवा, तिचा पुढे संबंध येतो.

टेबलं अशी: पार्टी, पत्ते, बिल, बिल_ओळी, जमा, आणि दलाल. आयडी म्हणजे ओळीचा नंबर. बिल, जमा आणि पत्ते या तिन्हींत पार्टी_आयडी, म्हणजे ती ओळ कोणत्या पार्टीची तो नंबर, आहे. बिल_ओळीत बिल_आयडी आहे. पार्टीत दलाल_आयडी आहे. खाली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञा, मी देवनागरीतच लिहितोय, टाइप करताना नेहमीचे कीवर्ड वापरा.

पहिली वेळ

संक्रांतीचे दिवस, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू होती आणि अण्णांचा फोन आला. "सर, नवीन पार्टीच्या नावावर बाकी दिसायलीय. त्यांनी अजून माल बी उचलला नाही."

मी गेलो, बघितलं. आदल्या संध्याकाळी अक्कांच्या हातून हैदराबादची एक पार्टी दोनदा टाकली गेली होती. दुसऱ्या नोंदीवर एक बिलही झालं होतं. जीएसटी नंबर सारखाच आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी ती दुसरी नोंद डिलीट केली. पार्टी गेली, बिल तिथंच राहिलं. आईबाप नसलेली ओळ. आम्ही तिला अनाथ ओळ म्हणतो.

पण अनाथ ओळ दुसऱ्याच्या दारात कशी जाऊन बसली? इथे मेन स्विच येतो. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत इनोडीबीचा (टेबलं साठवणाऱ्या त्याच्या इंजिनचा) ऑटो इन्क्रिमेंटचा, म्हणजे नव्या ओळीला आपोआप मिळणाऱ्या पुढच्या आयडीचा, आकडा फक्त मेमरीत असतो. सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला की टेबलातला सगळ्यात मोठा आयडी बघून त्यात एक मिळवून तो आकडा परत मांडला जातो. शेवटची पार्टी ४१२ होती, ती डिलीट झाली, सर्व्हर बंद झाला. सकाळी सगळ्यात मोठा आयडी ४११, म्हणून नव्या पार्टीला पुन्हा ४१२. जुन्या बिलावर पार्टी_आयडी ४१२ लिहिलेलंच होतं. बिलाला नवा धनी मिळाला.

मायएसक्यूएल ८.० पासून हा आकडा डिस्कवर जपला जातो, रीस्टार्टनंतरही टिकतो. ५.७ चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय, त्यामुळे पुढे जायलाच हवं. पण नुसतं व्हर्जन बदलून हा दोष जात नाही, हे ठासून सांगतो. लक्षण जाईल, अनाथ ओळी राहतील. मग त्या कोणत्याच लेजरमध्ये दिसणार नाहीत, फक्त एकूण येणे आणि पार्टीवार येण्याची बेरीज जुळणार नाही. ते शोधणं याहून कठीण.

आता प्रश्न असा, की बिल टेबलात फॉरेन की (बिलावरची पार्टी पार्टी टेबलात असलीच पाहिजे असं डेटाबेसला घातलेलं बंधन) असताना पार्टी डिलीट झालीच कशी? टेबल बनवण्याच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ होती:

पार्टी_आयडी इंट नॉट नल रेफरन्सेस पार्टी(आयडी)

दिसायला अगदी बरोबर. पण मायएसक्यूएल ५.७ आणि ८.० दोन्हींत कॉलमच्या व्याख्येतच लिहिलेलं रेफरन्सेस वाचलं जातं आणि सोडून दिलं जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही. फॉरेन की तयारच होत नाही. 'शो क्रिएट टेबल बिल' चालवलं तेव्हा कळलं, खाली कन्स्ट्रेंटची (बंधनाची) एकही ओळ नव्हती. फॉरेन की वेगळ्या ओळीत लिहावी लागते:

कन्स्ट्रेंट बिल_पार्टी_एफके फॉरेन की (पार्टी_आयडी) रेफरन्सेस पार्टी(आयडी)

ही ओळ ऑल्टर टेबलने, म्हणजे तयार टेबल बदलणाऱ्या आज्ञेने, घालायला गेलो तर एरर १४५२ आली. चाइल्ड ओळीला (इथे बिल) पॅरेंट (पार्टी) नाही. ही एरर चांगली बातमी समजा, कारण अनाथ ओळी कुठे आहेत ते ती तुम्हाला शोधायला लावते. शोधायची क्वेरी:

सिलेक्ट बिल.आयडी, बिल.पार्टी_आयडी फ्रॉम बिल लेफ्ट जॉइन पार्टी ऑन पार्टी.आयडी = बिल.पार्टी_आयडी व्हेअर बिल.पार्टी_आयडी इज नॉट नल अँड पार्टी.आयडी इज नल;

सात ओळी निघाल्या. अक्कांनी एकेक बिल वहीशी ताडून योग्य पार्टीवर टाकलं. एक मर्यादा मात्र लक्षात घ्या: ज्या अनाथ ओळीला नवा धनी मिळालाय, ती या क्वेरीत सापडत नाही, कारण तिला आता पॅरेंट आहे. ती शोधायला बिलाची तारीख आणि पार्टी टाकल्याची तारीख ताडायची. पार्टीच्या जन्माआधीचं बिल दिसलं की समजायचं.

मग मी फॉरेन की बसवली, आणि तिच्यावर ऑन डिलीट कॅस्केड लावलं. पार्टी गेली की तिची बिलं, बिलाच्या ओळी, पत्ते सगळं जाईल, अनाथ काही उरणार नाही. तेव्हा मला ते स्वच्छ वाटलं.

टेस्ट लिहायला बसलो आणि एक संध्याकाळ वेगळ्याच कारणाने गेली. माझ्या टेस्ट वेगासाठी मेमरीतल्या एसक्यूलाइटवर (एक छोटा, वेगळा डेटाबेस) चालायच्या. पार्टी डिलीट केली, बिलं मोजली, बिलं होतीच. कॅस्केड स्कीमात (टेबलांच्या रचनेत) दिसतंय आणि चालत नाही. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची सोय २००९ च्या ३.६.१९ व्हर्जनपासून आहे, पण सर्वसाधारण बिल्डमध्ये ती आपण चालू करेपर्यंत बंद असते, आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते: 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन'. ते लिहिलं, तरी बंदच. माझी प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनच्या (एकतर सगळे बदल पक्के, म्हणजे कमिट, नाहीतर सगळे मागे, म्हणजे रोलबॅक) आत सुरू व्हायची, आणि चालू ट्रान्झॅक्शनमध्ये हा प्राग्मा गुपचूप काहीच करत नाही. ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी लिहिला तेव्हा लागू झाला.

त्याच संध्याकाळी मी टेस्ट एसक्यूलाइटवरून काढल्या. दुकानात जो डेटाबेस, ज्या व्हर्जनचा, त्याच्यावरच डिलीटच्या टेस्ट. बाकी टेस्ट कुठेही चालवा, पण फॉरेन कीचं वागणं प्रत्येक डेटाबेसचं आपापलं असतं.

दुसरी वेळ

मार्चअखेर. पुन्हा एक दुबार पार्टी, पुन्हा डिलीट, पुन्हा सकाळी नवीन पार्टी. या वेळी नव्या पार्टीच्या लेजरमध्ये बाकी उलटी: बिल एकही नाही, आणि पाच हजार जमा. बिलं कॅस्केडने गेली होती, जमा मात्र उरली होती.

त्याच दिवशी अक्कांनी दुसरी गोष्ट दाखवली, आणि तिने मला जास्त हादरवलं. त्यांची एक लांब, लाल रेघांची वही आहे. रोजचा पहिला आणि शेवटचा बिल नंबर त्या त्यात लिहितात. बोट ठेवून म्हणाल्या, "दादा, चारशे सव्वीस, मग एकदम चारशे अठ्ठावीस. मधलं बिल कुठं गेलं?"

मधलं बिल मी खाल्लं होतं. माझ्या कॅस्केडने. जीएसटीच्या नियमांत बिलाचा नंबर सलग लागतो, आणि हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अनाथ बिल निदान टेबलात असतं, शोधून काढता येतं. कॅस्केडने गेलेलं बिल कुठेच नसतं. रात्रीच्या बॅकअपमधून ते परत आणलं, पण बॅकअप नसता तर?

त्यातच आणखी एक कळलं. बिल डिलीट झालं की एका लॉग टेबलात नोंद करणारा ट्रिगर मी लावला होता. त्या लॉगमध्ये या बिलाची नोंदच नाही. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने ज्या ओळी जातात, त्यांच्यावरचे ट्रिगर चालत नाहीत. आणि डिलीटनंतर डेटाबेस जी 'इतक्या ओळी बदलल्या' अशी संख्या देतो, तिच्यातही कॅस्केडने गेलेल्या ओळी धरलेल्या नसतात. मी टेस्टमध्ये तीच संख्या १ आहे का एवढं तपासत होतो. एक पार्टी गेली, एक ओळ, टेस्ट हिरवी. तिच्या मागे किती गेलं, हे त्या १ मध्ये दिसत नाही.

मग जमा का उरली? तिच्यावरही मी फॉरेन की लावली होती, ऑल्टर टेबल विनातक्रार चाललं होतं. 'शो टेबल स्टेटस' बघितलं: जमा टेबलाचं इंजिन मायआयसॅम, इनोडीबी नव्हे. हे टेबल फार जुन्या सॉफ्टवेअरच्या डंपमधून (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली नक्कल) आलेलं. मायएसक्यूएल ५.५ पासून नवीन टेबल आपोआप इनोडीबीत बनतं, पण डंपमध्ये इंजिनचं नाव लिहिलेलं असलं की जुनं तेच राहतं. आणि मायआयसॅम फॉरेन कीची ओळ वाचतो, मान्य करतो आणि फेकून देतो.

टेबल इनोडीबीत बदललं, फॉरेन की पुन्हा लावली. एकदा पार्टीचा आयडी अनसाइन्ड आणि जमाचा साइन्ड म्हणून अडलं, तो प्रकार जुना आणि सरळ आहे, टाइप सारखे केले की जातो.

खरा बदल दुसरा केला. प्रत्येक नात्याला वेगळा नियम. पत्ते पार्टीशिवाय निरर्थक, तिथे कॅस्केड. बिल आणि जमा ही हिशोबाची कागदं, तिथे रेस्ट्रिक्ट: बिल असलेली पार्टी डिलीट होणारच नाही, डेटाबेस एरर १४५१ देईल. दलाल सोडून गेला तर पार्टी राहते, फक्त दलालाची जागा रिकामी होते, म्हणून तिथे सेट नल, आणि त्यासाठी तो कॉलम नल चालणारा हवा. बिल_ओळी बिलाबरोबर जाव्यात की नाही यावर मी आणि अण्णा बराच वेळ बोललो. शेवटी बिल डिलीटच करायचं नाही, फक्त रद्द असा शिक्का मारायचा, असं ठरलं आणि तिथेही रेस्ट्रिक्ट आलं.

माझं ठाम मत आता असं आहे: ज्या ओळीवर रक्कम लिहिलीय, तिच्यावर कॅस्केड लावू नका. तुमची घाई कितीही असो.

तिसरी वेळ

यात मला सगळ्यात जास्त दिवस लागले. मे महिना, सोलापुरातलं ऊन, लूमच्या शेडमध्ये तर उभं राहवत नव्हतं. आणि पुन्हा तेच: बिल असलेली पार्टी डिलीट झाली. रेस्ट्रिक्ट लावलेलं असताना.

मी 'शो क्रिएट टेबल' बघितलं, कन्स्ट्रेंट जागेवर. इंजिन इनोडीबी. माझ्या कॉम्प्युटरवर टेस्ट चालवली: बिल असलेली पार्टी डिलीट करा, १४५१ आलीच पाहिजे. आली. हिरवी. अक्कांच्या कॉम्प्युटरवर त्यांच्यासमोर करून बघितलं, १४५१ आली. आता काय शोधायचं?

इथे वहीच कामाला आली. अक्कांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "रेट लिस्ट अर्धवट आलेल्या दिवशीच होतंय हे, दादा. मी लिहून ठेवलंय बघा." दोन तारखा होत्या, दोन्हींपुढे त्यांच्या अक्षरात 'रेट लिस्ट, लाल एरर' असं.

रेट लिस्ट म्हणजे एक्सेलमधून येणारे चादरींचे नवे दर. ते टेबलात भरणारं बटण मी कधीतरी डंप फाइलमधल्या ओळी बघून लिहिलं होतं. मायएसक्यूएलच्या डंपमध्ये वरच 'सेट फॉरेन_की_चेक्स = ०' असतं, म्हणजे फॉरेन कीची तपासणी बंद, टेबलं कोणत्याही क्रमाने भरता यावीत म्हणून, आणि शेवटी ते पूर्ववत केलेलं असतं. मीही तसंच केलं: सुरुवातीला ०, शेवटी १. पण दराच्या रकान्यात एखाद्याने आकड्याऐवजी 'नेट' असं लिहिलं की त्या ओळीवर एरर १३६६ यायची, काम तिथेच थांबायचं, आणि शेवटची १ ची ओळ कधीच चालायची नाही.

सॉफ्टवेअर सकाळी उघडलं की कनेक्शन दिवसभर तेच. फॉरेन_की_चेक्स हे सेशनचं सेटिंग. म्हणजे ज्या दिवशी रेट लिस्ट अर्धवट आली, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या कनेक्शनवर फॉरेन की नसल्यासारखीच. रेस्ट्रिक्ट अडवत नाही, कॅस्केडही चालत नाही. मी टेस्ट चालवायचो ती नव्या कनेक्शनवर, तिथे सेटिंग १. अक्कांसमोर करून बघितलं तेव्हा आम्ही सॉफ्टवेअर बंद करून उघडलं होतं, तिथेही १. आणि चेक्स पुन्हा १ केले तरी डेटाबेस आधीच्या ओळी तपासत नाही, त्यामुळे मधल्या वेळेतल्या अनाथ ओळी तशाच राहतात.

वेबच्या ॲपमध्ये कनेक्शन पूल (आळीपाळीने वापरायची उघडी कनेक्शनं) असेल तर हाच दोष आणखी फसवा होतो. दहापैकी एका कनेक्शनवर चेक्स ० राहिले, तर दहापैकी एखादी विनंतीच चुकेल. टेस्ट कधी हिरवी, कधी लाल, आणि माणसं म्हणतात सर्व्हरच विचित्र आहे. टेस्टच्या तयारीतही हीच वाट असते. फॉरेन की ज्या टेबलाकडे बोट दाखवते ते टेबल ट्रंकेट करायला (एका झटक्यात रिकामं करायला) गेलं की एरर १७०१ येते, म्हणून लोक टेस्टच्या आधी चेक्स ० करून सगळं ट्रंकेट करतात. परत १ करायला विसरले, की पुढची प्रत्येक डिलीटची टेस्ट फॉरेन कीशिवाय चालते. शिवाय मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेटने चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होतं, त्यामुळे टेस्टच्या शेवटच्या रोलबॅकवरही भरवसा राहत नाही. मी आता ट्रंकेट वापरत नाही. चाइल्ड टेबलांतून आधी डिलीट, मग पॅरेंटमधून. थोडा वेळ जास्त लागतो, पण क्रम चुकला तर लगेच कळतं, आणि तेच तर हवंय.

रेट लिस्टच्या बटणातून चेक्स ० ची ओळ मी काढूनच टाकली. तिची गरजच नव्हती. आधी कापडाचे प्रकार भरले आणि मग दर भरले की फॉरेन की काही अडवत नाही. ज्यांना खरंच बंद करावं लागतं त्यांनी परत चालू करणं फायनली ब्लॉकमध्ये ठेवावं, म्हणजे एरर आली तरी ते चालेल.

आता टेस्ट काय विचारते

डिलीटच्या टेस्टमध्ये मी दोन पार्ट्या टाकतो. एक जाणारी, एक शेजारची. दोघींची बिलं, पत्ते, जमा, अगदी रकमाही सारख्या. टेस्टच्या शेवटी शेजारणीची एकही ओळ हललेली नसावी. व्हेअरमध्ये आयडीऐवजी चुकून शहर किंवा दलाल लागलं तर शेजारीण सांगते. एकाच पार्टीवर टेस्ट केली तर सगळं टेबल पुसलं गेलं तरी टेस्ट हिरवीच राहील.

जाणारी पार्टी तीन प्रकारची: काहीच नसलेली, फक्त पत्ते असलेली, आणि बिल-जमा असलेली. पहिल्या दोन गेल्या पाहिजेत, तिसरीला १४५१ आली पाहिजे. तिसरीत एवढ्यावर थांबायचं नाही. एरर आल्यावर पुन्हा सगळी टेबलं मोजायची, कारण पत्ते आधी पुसून मग पार्टी पुसणारा कोड असला तर पार्टी वाचते आणि पत्ते जातात. ते सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे का, हे इथेच कळतं.

प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला 'सिलेक्ट @@फॉरेन_की_चेक्स' विचारून १ आहे का बघतो, नसेल तर टेस्ट तिथेच लाल. आणि एक टेस्ट खास अक्कांच्या वहीतली: त्याच कनेक्शनवर आधी मुद्दाम 'नेट' लिहिलेली रेट लिस्ट भरायची, एरर येऊ द्यायची, आणि मग बिल असलेली पार्टी डिलीट करायची. दुरुस्तीच्या आधी ही टेस्ट लाल आली तेव्हाच मला खात्री पटली की कारण सापडलंय.

कोणत्या टेबलांत बघायचं, ही यादी हाताने लिहू नका. मी लिहिली होती, आणि नंतर ट्रान्सपोर्टचं टेबल वाढलं तेव्हा ते यादीत घालायचं राहिलं. डेटाबेसलाच विचारा. इन्फर्मेशन_स्कीमामधल्या (डेटाबेस स्वतःच्या टेबलांची माहिती इथे ठेवतो) की_कॉलम_युसेजमध्ये 'रेफरन्स्ड_टेबल_नेम' पार्टी असलेल्या सगळ्या ओळी काढा, आणि रेफरेन्शियल_कन्स्ट्रेंट्समधून प्रत्येकाचा डिलीट_रूल. टेस्टमध्ये एक छोटी वही ठेवलीय: पत्ते कॅस्केड, बिल रेस्ट्रिक्ट, जमा रेस्ट्रिक्ट. डेटाबेसची यादी आणि ही वही जुळली नाही की लाल. नवीन टेबल जोडणाऱ्याला थांबून ठरवावंच लागतं की पार्टी गेल्यावर या ओळीचं काय.

याच्या उलट बाजूची तपासणीही तितकीच कामाची: इन्फर्मेशन_स्कीमाच्या कॉलम्समध्ये पार्टी_आयडी नावाचे जितके कॉलम, तितक्याच फॉरेन की आहेत का? आणि टेबल्समध्ये इनोडीबीशिवाय दुसरं इंजिन कुठे दिसतंय का? या दोन क्वेरी आधी असत्या तर पहिली वेळ आणि दुसरी वेळ दोन्ही दुकानात पोचण्याआधीच सापडल्या असत्या.

तुमच्याकडे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर एक वेगळा खड्डा आहे. तिथे फॉरेन कीची तपासणी कमिटपर्यंत पुढे ढकलता येते, डिफर्ड म्हणतात. टेस्ट रोलबॅकने संपत असेल तर कमिट येतच नाही, आणि तपासणीही होत नाही. टेस्ट हिरवी, प्रत्यक्षात कमिटच्या वेळी एरर २३५०३. रोलबॅकच्या आधी 'सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट' चालवा, एरर असेल तर तिथेच येईल. आणि तिथे चाइल्ड टेबलाच्या फॉरेन की कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आपोआप बनत नाही, इनोडीबीत बनतो. टेबल मोठं झालं की एक पार्टी डिलीट करायला नको इतका वेळ लागतो तो बहुधा याच कारणाने.

एक काम शेवटी उरलंच होतं. अक्का पार्टी डिलीट का करत होत्या? दुबार नोंद झाली म्हणून. रेस्ट्रिक्टने त्यांना अडवलं, पण दुबार नोंद काही गेली नाही, उलट त्यांचं काम अडलं. म्हणून 'पार्टी जोडा' असं बटण केलं: चुकीच्या नोंदीवरची बिलं, जमा, पत्ते योग्य पार्टीवर नेऊन मग रिकामी नोंद डिलीट, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये. त्याची टेस्ट सोपी आहे. जोडण्याआधी दोन्ही नोंदींच्या बाक्यांची बेरीज, जोडल्यावर उरलेल्या पार्टीची बाकी, दोन्ही पैशापर्यंत सारख्या. बिल नंबरांची यादी आधी आणि नंतर तीच. आणि मग टेस्टचा डेटाबेस बंद करून चालू करायचा, एक नवीन पार्टी टाकायची, तिचं लेजर उघडायचं. ते कोरं असलं पाहिजे.

पहिल्यांदा हे बटण अक्कांनीच दाबलं, विजयपूरच्या एका दुबार पार्टीसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्विच चालू झाल्यावर त्यांनी नवीन पार्टी टाकली, लेजर उघडलं, आणि वहीत त्या तारखेपुढे 'कोरं' असं लिहून मला फोन केला.